मध्य अमेरिकेच्या ऐक्याचा कैवारी : फ्रान्सिस्को मोराझान

ज्यांनीं राज्यें स्थापिलीं त्यांचीं चरित्रें आपण पाठ्यपुस्तकांत वाचतों. ज्यांच्या हातून राज्य निसटलें त्यांचीं चरित्रें मात्र क्वचितच आपल्या वाचनांत येतात. वास्तविक पाहतां, राज्य कसें मोडतें हें समजल्यावांचून तें कसें टिकतें हें पुरतें समजत नाहीं. म्हणून आज आम्ही आमच्या वाचकांपुढें एका पराभूत पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों. मध्य अमेरिकेंतील पांच लहान देश एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुमारें पंधरा वर्षें एका संघराज्यांत एकत्र होते. त्या संघराज्याचा शेवटचा अध्यक्ष आणि तें मोडल्यावरहि त्याची आशा न सोडणारा त्याचा कैवारी म्हणजे फ्रान्सिस्को मोराझान. त्याची कीर्ति आमच्या इकडे फारशी पोंचलेली नाहीं. परंतु होंडुरास व एल साल्वाडोर ह्या दोन्ही देशांत एकेका प्रांतास त्याचें नांव दिलेलें आहे, आणि होंडुरासच्या पांच लेंपिरांच्या नोटेवर त्याचें चित्र छापलेलें असतें.

नकाशा उघडून पाहिला असतां मेक्सिको व पनामा यांच्या दरम्यान भूमीचा एक चिंचोळा पट्टा दिसतो. एका बाजूस कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूस पॅसिफिक महासागर आणि मध्यें ज्वालामुखी पर्वतांची रांग, अशी त्याची रचना आहे. ह्या भूमीवर स्पेनचा अंमल सुमारें तीनशें वर्षें होता, व तिचा कारभार ग्वाटेमाला शहरीं राहणारा स्पॅनिश अधिकारी पाही. ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास, निकाराग्वा व कोस्टा रिका हे तिचे मुख्य भाग. एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत जावयाचें तर खेंचराच्या पाठीवर बसून डोंगर चढत व नद्या ओलांडीत जावें लागे. पावसाळ्यांत तर कित्येक वाटा बंदच पडत. त्यामुळें प्रत्येक प्रांताचें जग वेगळें झालें होतें. एल साल्वाडोरमध्यें नीळ पिके, पण तिचा व्यापार ग्वाटेमाला शहरांतील धनिकांच्या हातीं होता. ह्याचा साल्वाडोरच्या मळेवाल्यांस मोठा राग येई. आपल्या प्रांतास स्वतंत्र बिशप असावा, अशीहि तेथील लोकांची इच्छा होती व ती पुरी होत नव्हती. होंडुरासमध्यें कोमायाग्वा व तेगुसिगाल्पा, आणि निकाराग्वामध्यें लेओन व ग्रानाडा, ह्या शहरांचीं आपापसांत वैरें होतीं. पुढें जें घडलें त्याचें बीज येथेंच आहे, म्हणून एवढें प्रास्ताविक अवश्य वाटलें.

मोराझानचा जन्म ३ ऑक्टोबर १७९२ रोजीं तेगुसिगाल्पा येथें झाला. त्याचा आजा कॉर्सिका बेटांतून अमेरिकेंत आलेला होता. तेगुसिगाल्पा हें खाणींचें गांव. तेथें शिक्षणाची सोय फारच थोडी. लहानपणीं धर्मगुरूंजवळ अक्षरओळख, नंतर फ्रान्सिस्कन साधूंच्या मठांत थोडें लॅटिन, आणि पुढें एका नोटरीच्या कचेरींत लेखनिकी करितां करितां मिळालेलें कायद्याचें ज्ञान, एवढीच काय ती त्याच्या शिक्षणाची शिदोरी. विद्यापीठाचें तोंड त्यानें पाहिलें नाहीं. परंतु त्याच्या नात्यांतील दिओनिसिओ दे एरेरा ह्या विद्वान् गृहस्थाजवळ चांगला ग्रंथसंग्रह होता. तो वाचावयास मिळावा म्हणून मोराझान फ्रेंच भाषा शिकला, आणि मोंतेस्क्यू व रूसो यांच्या ग्रंथांशीं त्याचा परिचय झाला. राज्य कायद्याचें असावें, मनुष्यमात्र जन्मतः समान आहे, हे विचार त्याच्या मनांत ह्याच काळीं रुजले.

१५ सप्टेंबर १८२१ रोजीं ग्वाटेमाला शहरीं स्वातंत्र्याचा ठराव झाला आणि लढाईवांचूनच स्पेनची सत्ता संपली. परंतु स्वातंत्र्य मिळालें तरी पुढें काय करावें याविषयीं एकमत नव्हतें. जानेवारी १८२२ मध्यें हा सर्व मुलूख मेक्सिकोच्या इतुर्बिदे बादशहाच्या राज्यास जोडण्यांत आला. एल साल्वाडोरनें त्यास शस्त्रानें विरोध केला. मार्च १८२३ मध्यें बादशहाच पदच्युत झाला, तेव्हां १ जुलै १८२३ रोजीं मध्य अमेरिकेच्या प्रतिनिधींनीं आपलें स्वतंत्र राष्ट्र जाहीर केलें. चियापास प्रांत तेवढा मेक्सिकोकडे राहिला. ह्या सभेनें एक कार्य असें केलें कीं, तिची आठवण सदैव आदरानें करावी. होसे सिमेओन कान्यास ह्या वृद्ध व रुग्ण धर्मगुरूच्या कळकळीच्या विनंतीस मान देऊन तिनें एप्रिल १८२४ मध्यें गुलामगिरी कायद्यानें नष्ट केली. त्या वेळीं उत्तरेकडील संयुक्त संस्थानांत लाखों गुलाम होते व पुढें चाळीस वर्षें राहावयाचे होते. २२ नोव्हेंबर १८२४ रोजीं राज्यघटना मंजूर झाली आणि पांच राज्यांचें मध्य अमेरिकेचें संघराज्य अस्तित्वांत आलें. निळ्या व पांढऱ्या पट्ट्यांचा ध्वज आणि ईश्वर, ऐक्य व स्वातंत्र्य हें त्याचें ब्रीद होतें.

ही घटना उदात्त हेतूनें लिहिलेली होती, पण तिच्यांत मोठे दोष होते. जुलमी राजसत्तेचा अनुभव ताजा असल्यामुळें घटनाकारांनीं अध्यक्षास फार थोडे अधिकार दिले. संघाच्या खजिन्यांत जकात, तंबाखू, दारूगोळा व टपाल यांचें उत्पन्न यावें असें ठरलें; परंतु तें वसूल करून पाठविणें बऱ्याच अंशीं राज्यांच्या मर्जीवर राहिलें. लंडनच्या एका पेढीकडून कर्ज काढलें, त्याचा अल्पसाच भाग हातीं आला आणि ऋण मात्र पुढें अनेक वर्षें राहिलें. त्यांत आणखी एक गोष्ट अशी झाली कीं, ग्वाटेमाला शहर हीच संघाची राजधानी, आणि ग्वाटेमाला राज्याचें सरकारहि त्याच शहरांत येऊन बसलें. एका गांवांत दोन सरकारें, दोन खजिने आणि दोन फौजा असल्यावर भांडणास कारण शोधावें लागत नाहीं.

पहिल्या निवडणुकींतच संशयाचें विष कालविलें गेलें. होसे सेसिलिओ देल व्हाये ह्या विद्वान् पुरुषास अधिक मतें मिळालीं होतीं; परंतु बहुमताचा हिशेब नीट लागत नाहीं, असें म्हणून संघाच्या प्रतिनिधिसभेनें मान्वेल होसे आर्से यास अध्यक्ष केलें. आर्से १८२५ सालीं अधिकारावर आला. सप्टेंबर १८२६ मध्यें त्यानें ग्वाटेमाला राज्याचा प्रमुख हुआन बार्रुन्दिया यास अटक केली. पुढच्याच महिन्यांत त्या राज्याचा उपप्रमुख सिरिलो फ्लोरेस यास खवळलेल्या जमावानें केत्साल्तेनांगो येथें प्रार्थनामंदिरांत गांठून ठार मारिलें. यादवीस आरंभ झाला.

ह्या वेळीं मोराझान कोठें होता? दिओनिसिओ दे एरेरा हा १८२४ पासून होंडुरासचा राज्यप्रमुख होता व मोराझान त्याचा मुख्य चिटणीस. १८२५ च्या अखेरीस त्याचा होसेफा लास्तिरी ह्या संपन्न घराण्यांतील विधवेशीं विवाह झाला. त्यास संसाराचें सुख फार दिवस लाभलें नाहीं. आर्सेच्या आज्ञेवरून हुस्तो मिया हा सेनानी होंडुरासवर चालून आला, त्यानें कोमायाग्वास वेढा घातला, आणि मे १८२७ मध्यें शहर घेऊन एरेरास कैद करून ग्वाटेमालास धाडिलें. मोराझान निसटला, पण अभयपत्राच्या भरंवशावर परत येतांच त्यास तुरुंगांत टाकण्यांत आलें. तेथून सुटका करून घेऊन तो निकाराग्वांत गेला, मिळेल तेथून माणसें व बंदुका जमवून परतला, आणि ११ नोव्हेंबर १८२७ रोजीं ला त्रिनिदाद येथें त्यानें मियाच्या सैन्याचा पूर्ण मोड केला. कालपर्यंत लेखणी चालविणारा पस्तीस वर्षांचा हा चिटणीस एका दिवसांत सेनापति म्हणून प्रसिद्धीस आला.

यानंतर एकामागून एक विजय त्यास मिळत गेले. ६ जुलै १८२८ रोजीं ग्वाल्चो येथें, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सान साल्वाडोर येथें, आणि शेवटीं १३ एप्रिल १८२९ रोजीं खुद्द ग्वाटेमाला शहर त्याच्या स्वाधीन झालें. येथवर न्याय्य पक्ष त्याचा होता, असें आम्हांस वाटतें. कारण घटना मोडण्यास आरंभ आर्सेनें केला होता. परंतु विजय हातीं आल्यावर त्यानें जें केलें तें मात्र निर्दोष म्हणतां येत नाहीं. प्रतिपक्षाच्या पुढाऱ्यांस त्यानें कैद करून देशाबाहेर घालविलें. कित्येकांकडून जबरीनें द्रव्य घेतलें. विरोधकांस साहाय्य केल्याच्या आरोपावरून जुलै १८२९ मध्यें एके रात्रीं आर्चबिशप रामोन कासाउस यास व मठांतील अनेक साधूंस त्यानें सैनिकांच्या पहाऱ्यांत किनाऱ्याकडे रवाना केलें. आर्चबिशप पुढें हवाना येथें राहिला. ज्या फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनीं लहानपणीं मोराझानास लॅटिन शिकविलें, त्या पंथाचे साधूहि ह्या हद्दपारांत होते. त्या देशांतील खेड्यापाड्यांतला गरीब शेतकरी राज्यघटना जाणत नव्हता. तो आपल्या धर्मगुरूस जाणत होता. त्याच्या मनांत त्या रात्रीपासून ह्या नव्या राज्याविषयीं अढी बसली, आणि ती पुढें कधींच गेली नाहीं.

१८३० सालीं लोकांनीं मोराझानास अध्यक्ष निवडलें व १६ सप्टेंबर रोजीं त्यानें सूत्रें हातीं घेतलीं. त्याच्या कारकीर्दींतील चांगल्या गोष्टी पुष्कळ आहेत. होंडुरासमध्यें पहिला छापखाना त्यानेंच १८२९ मध्यें आणविला व दुसऱ्याच वर्षीं तेथें सरकारी वृत्तपत्र निघूं लागलें. १८३२ मध्यें सर्वांस आपापल्या मताप्रमाणें उपासना करण्याची मोकळीक मिळाली. ग्वाटेमाला राज्याचा प्रमुख मारियानो गाल्व्हेझ हा त्याचा सहकारी मोठा उत्साही होता. त्यानें शाळा काढल्या, व मोठ्या मुलांनीं लहानांस शिकवावें ही लँकॅस्टरची पद्धति त्यांत सुरू केली. राजधानीविषयींचा मत्सर नाहींसा व्हावा म्हणून १८३४ मध्यें ती ग्वाटेमालाहून हलविण्यांत आली व अखेर सान साल्वाडोर येथें स्थिर झाली.

पण शांतता अशी त्यास लाभली नाहीं. १८३२ मध्यें आर्से मेक्सिकोकडून चालून आला; ओमोआच्या किल्ल्यावर बंडखोरांनीं स्पेनचें निशाण चढविलें; आणि एल साल्वाडोरच्या राज्यप्रमुखानें संघ सोडल्याचें जाहीर केलें. तिन्ही बंडें मोडलीं. दुसऱ्याच वर्षीं अनास्तासिओ आकिनो ह्या आदिवासी पुढाऱ्याच्या हाताखालीं एल साल्वाडोरमधील गरीब शेतमजूर उठले. सैन्यांत होणाऱ्या सक्तीच्या भरतीनें व करांनीं ते गांजून गेले होते. तेंहि बंड मोडलें. येथें विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, प्रत्येक बंड मोडण्यास सैन्य लागे, सैन्यास पैसा व माणसें लागत, आणि तीं जेथून घ्यावीं तेथें नवें बंड होई. सन १८३४ मध्यें लोकांनीं अध्यक्ष म्हणून व्हायेची निवड केली. त्याच्यासारखा शांत, विद्वान् व कोणत्याहि लढाईंत न पडलेला पुरुष अधिकारावर आला असता तर कदाचित् जखमा भरून आल्या असत्या. परंतु निवडणुकीचा निकाल जाहीर होण्यापूर्वींच मार्च महिन्यांत त्याचें निधन झालें. पुन्हा निवडणूक झाली व मोराझान दुसऱ्यांदा अध्यक्ष झाला.

संघराज्याचा पाया खचला तो १८३७ सालीं. गाल्व्हेझनें एडवर्ड लिव्हिंग्स्टन ह्या अमेरिकन कायदेपंडितानें लुइझियानासाठीं तयार केलेली कायद्यांची संहिता त्या वर्षीं ग्वाटेमालांत लागू केली. तिच्याप्रमाणें जूरीकडून न्याय व्हावयाचा होता. पण ज्या खेड्यांत लिहितां-वाचतां येणारीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, तेथें जूरी कोठून आणावयाची? नव्या पद्धतीस नवे तुरुंग हवेत म्हणून गोरगरिबांस वेठीस धरून ते बांधविण्यांत येऊं लागले. त्यांतच पटकीची साथ आली. सरकारनें डॉक्टर धाडले, औषधें वांटलीं, रोगट गांवांच्या वाटा अडविल्या. हेतु चांगला होता. पण भोळ्या लोकांस वाटलें कीं, सरकारच पाण्यांत विष घालीत आहे, आणि कांहीं धर्मगुरूंनीं हा समज वाढूं दिला. आर्चबिशपास घालविणाऱ्या सरकारावर लोकांनीं विश्वास तरी कां ठेवावा?

ह्या असंतोषांतून राफाएल कार्रेरा हा पुढारी निर्माण झाला. त्याचें वय अवघें बावीस-तेवीस वर्षांचें. तो निरक्षर होता आणि पूर्वीं डुकरें राखीत असे. पण त्याचें धैर्य व लोकांवरील वजन विलक्षण होतें. फेब्रुवारी १८३८ च्या आरंभीं त्याचे अनुयायी ग्वाटेमाला शहरांत शिरले व गाल्व्हेझची सत्ता संपली. त्याच वेळीं ग्वाटेमालाच्या पश्चिम भागानें लोस आल्तोस नांवाचें सहावें राज्य वेगळें काढलें. एप्रिल १८३८ मध्यें निकाराग्वा संघांतून बाहेर पडलें. ३० मे रोजीं संघाच्या प्रतिनिधिसभेनें राज्यांनीं आपापली व्यवस्था इच्छेप्रमाणें लावावी असा ठराव केला, आणि तें वर्ष संपण्यापूर्वीं होंडुरास व कोस्टा रिका यांनींहि संघ सोडला. १ फेब्रुवारी १८३९ रोजीं मोराझानची मुदत संपली, तेव्हां त्याच्या जागीं नवा अध्यक्ष निवडण्यास प्रतिनिधिसभाच उरली नव्हती. १३ एप्रिल १८३९ रोजीं, म्हणजे मोराझानानें ग्वाटेमाला शहर घेतल्यास बरोबर दहा वर्षें झालीं त्याच दिवशीं, कार्रेरा त्या शहराचा धनी झाला.

त्या वर्षाच्या अखेरीस जॉन लॉइड स्टीफन्स हा वकील संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षाकडून मध्य अमेरिकेच्या सरकाराकडे आला. अधिकारपत्र घेऊन तो गांवोगांव हिंडला, पण तें ज्याच्या हातीं द्यावें असें सरकार त्यास सांपडेना. हिंडतां हिंडतां त्यानें कोपान येथील प्राचीन माया लोकांचे अवशेष मात्र पाहिले, व त्यांचें वर्णन करून तो जगप्रसिद्ध झाला.

मोराझान आतां केवळ एल साल्वाडोरचा राज्यप्रमुख होता. सप्टेंबर १८३९ मध्यें तो बाहेर असतां बंडखोरांनीं सान साल्वाडोर काबीज करून त्याच्या बायकामुलांस ओलीस धरिलें आणि शरण न आल्यास त्यांस ठार करण्याची धमकी दिली. कुटुंबाहून प्रिय असें आपणांस कांहीं नाहीं, तथापि राज्याचा प्रमुख ह्या नात्यानें आपण हल्ला केल्यावांचून राहणार नाहीं, असा निरोप त्यानें उलट धाडिला व तो चालून गेला. बंडखोर पळाले, बायकोमुलें सुखरूप सांपडलीं. त्याच महिन्याच्या २५ तारखेस सान पेद्रो पेरुलापान येथें अल्प सैन्यानिशीं त्यानें होंडुरास व निकाराग्वा यांच्या फौजेचा पराभव केला. हा त्याचा शेवटचा मोठा विजय होय. १८ मार्च १८४० रोजीं त्यानें धाडस करून ग्वाटेमाला शहर घेतलें. पण तो आंत शिरतांच कार्रेरानें शहरास वेढिलें. ज्या शहरानें अकरा वर्षांपूर्वीं त्याचें स्वागत केलें होतें तेथें आतां त्याच्या साहाय्यास कोणी उठेना. दुसऱ्या दिवशीं पहांटे उरलेल्या थोड्या माणसांनिशीं वेढा फोडून तो निसटला.

युद्ध लांबविल्यास एल साल्वाडोरची राखरांगोळी होईल हें ओळखून एप्रिल १८४० मध्यें तो कांहीं सोबत्यांसह ला लिबर्ताद बंदरांतून गलबतानें निघाला. कोस्टा रिकाच्या सरकारानें त्याच्या कांहीं सोबत्यांस आश्रय दिला, पण त्यास दिला नाहीं. तेव्हां तो पनामाकडील डेव्हिड ह्या गांवीं राहिला. तेथें जुलै १८४१ मध्यें त्यानें एक जाहीरनामा लिहिला. त्यांत प्रतिपक्षाविषयींचा संताप ओतप्रोत भरलेला आहे. तेथून तो पेरू देशांत गेला. तेथील अध्यक्षानें त्यास आपल्या सैन्यांत मोठा हुद्दा देऊं केला. तो त्यानें स्वीकारला नाहीं. इतक्यांत निकाराग्वाच्या पूर्व किनाऱ्यावर मोस्किटो राजाच्या नांवाखालीं इंग्रज हात पसरीत आहेत, अशी वार्ता आली. मायदेशास आपली गरज आहे असें समजून, पेद्रो बेर्मुदेस ह्या पेरूच्या सेनापतीकडून पैसे उसने घेऊन, तो १८४२ च्या आरंभीं परत आला. त्यानें पांचहि सरकारांस आपली सेवा देऊं केली. कोणालाहि ती नको होती.

७ एप्रिल १८४२ रोजीं तो कोस्टा रिकाच्या किनाऱ्यावर उतरला. तेथील सत्ताधीश ब्राउलिओ कारियो यानें स्वतःस तहहयात प्रमुख करून घेतलें होतें. त्यानें मोराझानवर धाडलेला सेनानी व्हिसेंते व्हियासेन्योर लढण्याऐवजीं मोराझानासच मिळाला, आणि रक्तपातावांचून सत्तान्तर झालें. जुलै महिन्यांत तेथील लोकसभेनें मोराझानास राज्यप्रमुख निवडलें. कारियोचे जाचक कायदे त्यानें रद्द केले, राजकीय निर्वासितांस आश्रय दिला. तो एवढ्यावरच थांबता तर त्याचे उरलेले दिवस तेथें सुखांत गेले असते. परंतु संघराज्य पुन्हा उभारण्याचा ध्यास त्यास स्वस्थ बसूं देईना. त्यासाठीं त्यानें कर बसविले व सैन्यभरती सुरू केली. कोस्टा रिका हा दूरचा, लहान व शेतकऱ्यांचा देश. कॉफीचे मळे तेथें नुकतेच वाढीस लागले होते. ग्वाटेमालाच्या भांडणासाठीं आपले मुलगे व आपला पैसा कां द्यावा, हें त्या लोकांस कळेना. ११ सप्टेंबर रोजीं सान होसे व आलाहुएला येथें उठाव झाला. सुमारें साडेतीन दिवस वेढ्यांत लढून मोराझान कार्तागो गांवीं निसटला. तेथें ज्या मित्राच्या घरीं त्यानें विश्वासानें आसरा घेतला, त्यानेंच त्यास शत्रूंच्या हवालीं केलें.

चौकशी नाहीं, न्यायालय नाहीं. केवळ देहान्ताचा हुकूम झाला. मृत्यूपूर्वींच्या थोड्या अवकाशांत त्यानें आपल्या मुलाकडून मृत्युपत्र लिहवून घेतलें. आपली व आपल्या पत्नीची सर्व मालमत्ता खर्चीं पडली असून बेर्मुदेसचें अठरा हजार पेसोंचें कर्ज शिरावर आहे, हें त्यानें प्रथम नमूद केलें. शत्रूंस क्षमा केली. आपला देह एल साल्वाडोरच्या लोकांस अर्पण केला. तरुणांनीं ह्या भूमीस पुन्हा सजीव करावें, अशी इच्छा प्रकट केली. आणि ज्या एका वाक्याकडे त्याचे स्तुतिपाठक व निंदक दोघेहि पुरेसें लक्ष देत नाहींत, त्यांत त्यानें असें कबूल केलें कीं, कल्याणाच्याच इच्छेनें, पण आपल्या हातून देशाचें कांहीं अहित झालें आहे. आपलीं राजकीय मतें आपण अनुभवानें सुधारलीं होतीं, आणि त्या चुका भरून काढण्यापूर्वींच आपणांस मरण येत आहे.

१५ सप्टेंबर १८४२ रोजीं, स्वातंत्र्याच्या एकविसाव्या वार्षिक दिनीं, सायंकाळीं सान होसेच्या चौकांत त्यास उभें करण्यांत आलें. त्याच्या शेजारीं जखमी व्हियासेन्योर होता. मोराझानानें शिपायांचा नेम स्वतः नीट करून दिला व गोळी झाडण्याचा हुकूमहि स्वतःच दिला. पहिल्या फैरीनें प्राण गेला नाहीं. दुसऱ्या फैरीनें गेला. त्यास पन्नास वर्षें पुरीं होण्यास अठरा दिवस उणे होते.

सहा-सात वर्षांतच त्याच कोस्टा रिकानें त्याचे अवशेष सन्मानानें एल साल्वाडोरकडे पाठविले. पत्नी होसेफा मात्र तो दिवस पाहण्यास उरली नव्हती. जन्मजात श्रीमंत अशी ती स्त्री पतीच्या मागें दारिद्र्यांत दिवस काढून १८४६ सालीं वारली. कार्रेरानें ग्वाटेमालावर १८६५ पर्यंत राज्य केलें. पुढें ऐक्याचे प्रयत्न पुनःपुन्हा झाले. १८८५ मध्यें ग्वाटेमालाचा अध्यक्ष हुस्तो रुफिनो बार्रिओस ह्यानें तलवारीनें तें साधण्याचा प्रयत्न केला व तो रणांत पडला. १८९५ व १९२१ सालीं झालेले करार फार दिवस टिकले नाहींत. आज पांच देशांच्या ध्वजांवर निळा व पांढरा रंग कायम आहे, पांचांचाहि स्वातंत्र्यदिन १५ सप्टेंबर हाच आहे, आणि १९६० नंतर त्यांनीं परस्परांत व्यापाराचें सहकार्य वाढविलें आहे. एवढाच काय तो त्या संघराज्याचा वारसा.

मोराझानच्या निःस्वार्थीपणाविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. बारा वर्षें सत्ता हातीं असून तो कर्जबाजारी मेला, ही एकच गोष्ट पुरेशी आहे. त्याचे कायदे बहुतेक चांगले होते. धर्मस्वातंत्र्य, छापखाना, शाळा, हीं सर्व पुढें प्रत्येक देशास हवींशीं वाटलीं. परंतु जें ऐक्य लोकांच्या मनांत अजून उगवलें नव्हतें तें त्यानें लढाया जिंकून टिकवूं पाहिलें. त्याचा प्रत्येक विजय कोणत्या तरी प्रांतास जिंकलेला प्रांत करून ठेवी, आणि जिंकलेला प्रांत भावासारखा वागत नाहीं. ग्वाटेमालांत धर्मगुरूंस घालविलें तेव्हां, एल साल्वाडोरमध्यें गरिबांचीं मुलें भरतीस ओढलीं तेव्हां, आणि शेवटीं कोस्टा रिकाच्या शेतकऱ्यापुढें कराची पावती ठेविली तेव्हां, ज्यांच्यासाठीं हें राज्य उभारावयाचें त्यांना तें हवें आहे काय, हें विचारावयाचें राहून गेलें.

त्याच्या प्रतिपक्षानें तें विचारलें होतें असेंहि नाहीं. त्यांनीं लोकांच्या भीतीचा उपयोग करून घेतला, आणि पांच दुबळीं राज्यें निर्माण केलीं. त्यांच्या दुबळेपणाचा फायदा पुढें परकीयांनीं पुष्कळ घेतला. म्हणून मोराझान चुकला म्हणजे त्याचे शत्रु बरोबर होते, असा अर्थ कोणी करूं नये. मोठें कार्य हातीं घेणाऱ्यानें स्वतःचा प्राण देण्याची तयारी ठेवावी, ही गोष्ट तो आयुष्यभर जाणत होता. दुसऱ्याचें मन वळेपर्यंत थांबण्याची तयारीहि ठेवावी लागते, ही गोष्ट तो फार उशिरां शिकला. आणि शिकल्याचें त्यानें मरणाच्या दारांत उभें राहून लिहून ठेविलें. तलवार गाजविणारे सेनापति इतिहासांत शेंकडों सांपडतात. आपल्या हातून झालेलें अहित मृत्युपत्रांत नोंदविणारे फार थोडे. आमच्या विद्यार्थि-वाचकांनीं ह्या पुरुषाच्या लढायांपेक्षां त्याचें तें एक वाक्य अधिक लक्षांत ठेवावें, अशी आमची इच्छा आहे.